दारात सडा नव्हता, गोदाबाई

गोदाबाई, परवा तुझं तेरावं झालं. बुंदी जाड पडली होती अन् भाजीला मीठ कमी होतं. आचारी मनाला येईल तसं करून राहिला होता अन् आम्ही बाया एकमेकींच्या तोंडाकडं बघत पंगतीत बसलो होतो. उठलं कुणी नाही. तू असतीस तर पदर खोचून त्याच्या हातातला झारा ओढून घेतला असतास. "सरक रे बाबा, तुला कुणी शिकवलं?" म्हणाली असतीस, अन् तो कुरकुर करत सरकला असता. अख्खा गाव जेवायला होता तुझ्या तेराव्याला. मधी पडणारी तेवढी नव्हती.

मी शिकलेली बाई नाही हे तुला सांगायला नको. पोरगं शाळेत जायला लागलं तेव्हा त्याच्या पाटीवर मी अक्षरं गिरवली. तू हसायचीस. "कौसे, आता कलेक्टर व्हणार काय?" अन् दुसऱ्या दिवशी वाण्याच्या पुडीचा कागद उलगडून माझ्यापुढं धरायचीस. "वाच. काय म्हणून राहिलाय बघ." तेव्हापासून मी वाचलं अन् तू ऐकलंस. हे आता लिहून राहिले ते तुला वाचून दाखवायचं राहिलं. ह्यात एक गोष्ट अशी आहे की ती मी गावात कुणाला सांगितली नव्हती. गावाला वाटतं, तू पडलीस त्या दिवशी मी हळदीच्या शेतात होते. मी शेतात नव्हते, गोदाबाई. घरी होते. ते येईलच पुढं. आधी मिठाचं सांगते, नाहीतर बाकीच्याला अर्थ राहत नाही.

मी ह्या आळीत नांदायला आले तेव्हा तुला इथं तीन वर्षं झाली होती. आमचे मालक शेतातून आले की घरात काही ना काही निघायचंच. भाकर गार, पाणी गरम, बैलाला चारा नाही. सासूबाई एकाला दोन लावायच्या अन् मग यांचा हात उठायचा. आळीभर ऐकू जायचं. बाया दारं लोटून घ्यायच्या. "नवराबायकोचं हाय, आपण काहून बोलावं?" मला त्यांचा राग नव्हता. मीबी दुसऱ्याच्या घराचं ऐकून दार लोटलंच असतं.

एक दिवस दिवेलागणीला तू आलीस. हाताला पीठ लागलेलं, हातात काशाची वाटी. दारात थांबली नाहीस, हाक मारली नाहीस, सरळ चुलीपुढं येऊन बसलीस.

"मामी, चिमूटभर मीठ द्या."

"डोकं फिरलं काय गं?" सासूबाई म्हणाल्या. "दिवा लावायच्या टायमाला कुणी मीठ देतं व्हय? लक्ष्मी जाते घरातली."

"व्हय की, इसरलेच. मंग बसते. दिवा जुना होऊ द्या, मंग द्या."

अन् बसलीस. यांनी खाली मान घालून जेवण केलं अन् पारावर निघून गेले. तेव्हा उठलीस. मीठ नेलंच नाहीस. दुसऱ्या दिवशी परत, तीच वाटी, तोच टाइम. सासूबाई रोज तुला लक्ष्मीचं समजावून सांगायच्या, तू रोज इसरायचीस. चार-पाच महिने. एकदा हे खवळले. "ह्या बाईचं आपल्या घरात हाय तरी काय?"

तू वाटी पुढं केलीस. "मीठ," म्हणालीस.

तुझ्या घरात खडेमिठाची बरणी गळ्यापर्यंत भरलेली होती. मी माझ्या डोळ्यांनी बघितली होती. माणूस बदलला असं मी म्हणत नाही. हात थांबला, तेवढं खरं. परक्या बाईपुढं मारायची त्यांना लाज वाटायची अन् परकी बाई काही उठत नव्हती. ह्यावर आपण दोघी कधी एक शब्द बोललो नाही. तू सांगितलं नाहीस, मी आभार मानले नाहीत. आपल्यात आभार मानायची रीत नव्हती, पण मानायला पाहिजे होते. आता कुणाला सांगू?

अन् खरं सांगायचं तर तू तापबी होतीस. माणूस मेलं म्हणून त्याचं सगळंच गोड लिहायचं, हे मला जमत नाही. आल्या आल्या भांड्यावरचं झाकण उचलायचं. "आजबी आमटीच?" पाव्हणा आला की त्याचं गाव, शेत, पोरींची लग्नं, सगळं त्याच्या तोंडून काढून घ्यायचं. कुणाची पिशवी दिसली की आत डोकवायचंच. तुझा हात तुझ्या ताब्यात नव्हता, माय.

त्यातूनच संक्रांतीचं झालं. आमच्या वर्षानं हळदीकुंकू ठेवलं होतं. वर्षा म्हणजे माझी सून, नांदेडची, बी.ए. झालेली, अंगणवाडीत जाते. ओसरीवर पंधरा-वीस बाया. ती तुला कुंकू लावायला वाकली अन् तू तिच्या पोटाला हात लावून मोठ्यांदा म्हणालीस, "आता किती दिवस त्या गोळ्या खायच्या गं? दोनदा गेलं म्हणून काय झालं, तिसऱ्यांदा ऱ्हाईल."

तिचं दोनदा गेलं होतं. हे तिला, तिच्या आईला अन् मला माहीत होतं. पोराला धड माहीत नव्हतं त्यातलं एक. गोळ्या तू तिच्या पिशवीत बघितल्या अन् बाकीचं तुझं तू जुळवलंस. बराबर जुळवलंस, हीच तर तकलीफ.

वर्षाचं बोट तुझ्या कपाळापाशी थांबलं. आवाज चढवला नाही तिनं. "काकू, प्लीज. आमच्या पर्सनल गोष्टीत इंटरफिअर करू नका."

बाया खाली बघायला लागल्या. तू तशीच उठलीस, अर्ध्या कुंकवानं. वाणाची स्टीलची वाटी जागेवर राहिली.

दुसऱ्या दिवशी आलीस ती दारात थांबलीस. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. चाळीस वर्षांत तू माझ्या दारात थांबली नव्हतीस.

"कौसे, काल ती काय म्हणाली?"

"इंटरफिअर."

"शिवी हाय काय?"

"न्हाई गं."

"मंग बाया खाली काहून बघून राहिल्या व्हत्या?"

वर्षाची शाळेतली डिक्शनरी मी फळीवरून काढली. तिच्यात एबीसीडी, मला ती कशीबशी येते. शब्द सापडायला अर्धा घंटा गेला. तू मांडी घालून समोर. मी बोट ठेवून वाचलं, "ढवळाढवळ करणे."

"ती तर वरणात करावीच लागते. न्हाईतर बुडाला लागतंय. पुढं वाच."

"लुडबूड करणे."

"ती लेकरं करतात."

"आड येणे."

"ती मांजर. अजून?"

"मध्ये पडणे."

तू पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलीस. मला वाटी आठवली, तुलाबी आठवली असंल. मग म्हणालीस, "इतक्या सगळ्याला इंग्रजांचा एकच शब्द?"

"एकच दिसून राहिला."

"मंग त्यांच्यात ओळखतात कसं, कोणती बाई कशासाठी आली ते?"

मी हसले. तू हसली नाहीस.

वर्षाची बाजू मी तुला तेव्हाच सांगायला पाहिजे होती. ती त्या दिवशी आतल्या खोलीत बसून रडली. म्हणाली, "आई, काकू वाईट न्हाईत, मला माहीत हाय. पण माझ्या अंगावरचं पांघरूण ओढून त्यांनी चारचौघींना दाखवलं." हे मी तुझ्या कानावर घातलं नाही. तुला वाईट वाटंल म्हणून. अन् तुझी वाटीची गोष्ट तिला सांगितली नाही, मला लाज वाटली म्हणून. दोघींच्या मधी मी एकटीच होते जिला दोन्ही माहीत होतं, अन् मी गप्प बसले. आपण त्या शब्दाचा खेळ केला. तू दारातून म्हणायचीस, "येऊ का इंटरफिअर करायला?" मी म्हणायचे, "ये, च्या ठेवते." आळीतल्या बाया तो शब्द उचलून एकमेकींना चिडवायला लागल्या. पण तू झाकण उचलणं सोडलं होतंस. हात पुढं यायचा अन् मधीच मागं जायचा. मी ते बघत होते. वाटलं, बरंच झालं.

मग हळद निघायचे दिवस आले. तू तांड्यावरच्या सुईणीला घेऊन आलीस, न सांगता, वर्षा अंगणवाडीत असताना. म्हणालीस, "ही नुसतं पोट चोळून सांगते. सूनबाई येईस्तोवर बसतो आमी." ती म्हातारी बिचारी उन्हातून चालत आलेली. मी तिला पाणी दिलं अन् तुला बाजूला घेतलं.

"गोदाबाई, आता बास कर. सूनबाई बराबर बोलली होती. तुझं जरा जास्तीच असतं."

तुला सुनेचा शब्द लागला होता, पण पचवला होतास. माझा नाही पचला. तुझं तोंड कसं झालं ते मी विसरणार नाही.

"बरं," म्हणालीस. "मी तुमच्यात पडायची न्हाई. पण मंग तूबी माझ्यात पडू नको, कौसे. मेले तरी येऊ नको."

"न्हाई येत," म्हणलं मी.

हे माझं तुझ्याशी शेवटचं बोलणं.

नऊ दिवस तू तुझ्या घरात एकटी, मी माझ्या घरात, एकमेकींचा दरवाजा बघत होतो. तुझा सडा पडायचा, मग माझा. सिमेंटचा रस्ता झाला तरी तू शेणाचा सडा सोडला नाहीस. "फरशीला काय, शेण चालत न्हाई व्हय?" म्हणायचीस. आपल्या आळीचा कायदाच तो. ज्या दारात सकाळी सडा नाही, त्या दारात काहीतरी झालं. दुखणं, नाहीतर मरण. जिला आधी दिसंल तिनं जाऊन कडी वाजवायची. हा कायदा कुणी बसून केला नव्हता. ती तुझ्या पायानं पडलेली वाट. माझ्या बाळंतपणात, सासूबाई गेल्या तेव्हा, मला टायफॉइड झाला तेव्हा, प्रत्येक वेळी पहिली कडी तू वाजवलीस.

दहाव्या दिवशी तुझ्या दारात सडा नव्हता.

मी खराटा हातात घेऊन उभी होते. बघितलं. आळीत कुणी नव्हतं, ज्याला पाय होते तो हळदीला गेला होता. मी गुडघ्यामुळं घरी. वर्षा सकाळीच गेलेली. मी मनात म्हणलं, रुसलीय. मला खेळवून राहिली. सडा टाकला नाही की कौसी पळत येईल, मग म्हणंल, आलीस का इंटरफिअर करायला? म्हणलं, जात नाही. दुपारपर्यंत बघते.

मग तुझी शेळी ओरडायला लागली. खुंट्याला बांधलेली, सकाळपासून उपाशी. तू तिला कधी उपाशी ठेवायची नाहीस, स्वतः राहायचीस. मला हे माहीत होतं, गोदाबाई. तरी मी काय केलं? सुबाभळीचा पाला घेतला, तुझ्या कुडापाशी गेले अन् वरून आत टाकला. आत यायला नको म्हणून वरून टाकला. शेळी गप्प झाली. मला बरं वाटलं.

तिथंच उभी होते तेव्हा आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. फरशीवर. एकदा, मग थोड्या वेळानं परत एकदा.

मी म्हणलं, हाय की घरात. माझा पाय वाजला म्हणून भांडी आपटून राहिली माझ्यावर.

अन् घरी येऊन जेवले.

दिवेलागणीच्या आधी वर्षा आली. चप्पल काढता काढता थांबली. "आई, काकूंच्या दारात आज सडा न्हाई?" मी म्हणलं, "रुसून बसलीय." तिनं माझ्याकडं बघितलं अन् पिशवी तिथंच टाकून पळाली. तुझं दार नुसतं लोटलेलं होतं. कडीसुद्धा नव्हती लावलेली, वाजवायची वेळच आली नसती. तू मोरीपाशी पडलेली. एक अंग गेलेलं, तोंड वाकडं झालेलं, डोळे उघडे. चांगल्या हाताजवळ पितळी तांब्या होता, काठाला पोचा पडलेला. वर्षानं तुझं डोकं मांडीवर घेतलं. "काकू, मी आले, काकू, बघा, मी आले." तू तिच्याकडं बघितलं नाहीस. दारात मी उभी होते, माझ्याकडं बघत राहिलीस.

जीपमधून कळमनुरी, तिथून नांदेड. तिसऱ्या दिवशी तू गेलीस, बोलली नाहीसच. डॉक्टर म्हणाले, "सकाळीच आणलं असतं तर..." अन् पुढच्या पेशंटकडं वळले.

तुझा लेक बालाजी पुण्याकडून आला तोवर तू शेवटच्या श्वासावर होतीस. कंपनीचा ड्रेससुद्धा बदलला नव्हता त्यानं. मला धरून रडला. मग विचारलं, मनात वाकडं काही नव्हतं त्याच्या, नुसतं विचारलं, "मावशी, त्या दिवशी तुमी कुठं व्हत्या?"

"शेतात, बाबा. हळद शिजत होती."

वर्षा शेजारी उभी होती. मी घरी होते हे तिला माहीत होतं. तिनं माझ्याकडं बघितलं अन् भिंतीकडं तोंड केलं. मधी पडली नाही.

तो खोटा शब्द घेऊन मी तुझ्या राखेला गेले, दहाव्याला गेले. कावळा लवकर शिवेना तेव्हा बाया म्हणाल्या, गोदाबाईचा जीव कशात तरी अडकला. मी खाली बघत राहिले. बालाजीनं शेळी माझ्या दारात आणून बांधली. "आईचा जीव तुमच्यात व्हता, मावशी. ही तुमीच ठेवा." ती रोज सकाळी ओरडायची अन् मी गुडघा धरत पळायचे. त्या दिवशी न उठलेले पाय आता आवाज व्हायच्या आधी उठत होते.

वर्षाला जेवण जात नव्हतं. एक दिवस भांडी घासता घासता म्हणाली, "आई, मी तो शब्द बोलले नसते तर काकू आल्या-गेल्या असत्या. तुमी पण गेल्या असत्या." मी म्हणलं, "शब्द तुझा होता, पाय माझे होते." अन् मग तिला वाटीची गोष्ट सांगितली, चाळीस वर्षांनी. ती राखेच्या हातांनी तशीच बसून राहिली. म्हणाली, "हे मला आधी काहून न्हाई सांगितलं?"

मी तिच्यापुढचं भांडं ओढलं अन् विसळायला लागले.

तेराव्याची पंगत उठली. पाव्हणे गेले, मांडववाला मांडव सोडून गेला. दिवेलागण झाली. संक्रांतीची तुझी वाणाची वाटी माझ्या फळीवर तशीच होती. ती घेतली अन् तुझ्या घरात गेले. दारात थांबले नाही, हाक मारली नाही. बालाजी बॅग भरत होता.

"बालाजी, चिमूटभर मीठ दे."

त्याला कसली लक्ष्मी अन् कसलं काय. उठला बिचारा. ह्या डब्यात बघ, त्या डब्यात बघ. "मावशी, मीठ कुठं ठेवायची आई? मला तर काहीच माहीत न्हाई ह्या घरातलं." मला माहीत होतं. पिठाच्या डब्यामागं, चिनीमातीच्या बरणीत. मी काढून त्याच्या हातात दिली. अजूनबी गळ्यापर्यंत भरलेली. त्यानं झाकण उघडलं अन् मी म्हणलं, "बाबा, मी शेतात नव्हते."

सगळं सांगितलं. सडा सांगितला, शेळी सांगितली, कुडावरून टाकलेला पाला सांगितला. तांब्याचंबी सांगितलं.

तो झाकण हातात धरून उभा. म्हणाला, "किती वाजता?"

"काय, बाबा?"

"तांब्या. किती वाजता वाजला?"

"दुपारी. जेवणाच्या टायमाला."

त्यानं बरणीला झाकण लावलं. ती जागेवर ठेवली, पिठाच्या डब्यामागं, नीट. "तुमी जावा आता, मावशी," म्हणाला.

सकाळी त्यानं माझ्या खुंट्याची शेळी सोडली अन् मामाच्या टेम्पोत चढवली. मी दारातच होते. माझ्याकडं बघितलं नाही. तुझ्या दाराला कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं अन् गेला. मला राग नाही आला. वर्षा म्हणाली, "आई, कशाला सांगितलं? त्याला निदान तुमी होत्या." व्हय, होते. खोट्यावर होते.

तुला माझा राग आहे का, एवढंच मला कळायला पाहिजे होतं. मी दारात उभी असताना तू माझ्याकडं बघत होतीस ते रागानं, की आलीस का एकदाची म्हणून? चाळीस वर्षं तुझ्या तोंडावरचं मला वाचता आलं अन् तेवढंच नाही आलं. तू म्हणालीस, मेले तरी येऊ नको. अगं, बाई रागात काहीबी म्हणती. ते ऐकायचं नसतं, यायचंच असतं, हे तूच मला शिकवलं होतंस. सासूबाई रोज नाही म्हणायच्या अन् तू रोज यायचीस.

आज सकाळी खराटा घेऊन बाहेर आले. तुझ्या दारात सडा नव्हता. खराटा खाली ठेवला, गुडघा धरत तुझ्या दारापर्यंत आले अन् कडी वाजवली. कुलूप दारावर आपटत राहिलं. समोरची हळदीला निघाली होती, डोक्यावर टोपलं. थांबली.

"कौसाबाई, आत कोण हाय?"

"कुणी न्हाई," म्हणलं.

अन् परत वाजवली.